तेवीस किलो

रुवीच्या दुकानात शाजी म्हणाला,
"रिसीव्हर घ्या साहेब, एकाच डब्यात सगळं."
मी बोट ठेवलं शेजारच्या काळ्या धुडावर.
नुसता अॅम्प्लिफायर. तेवीस किलो.
प्रोसेसर वेगळा, वायरींचं भेंडोळं वेगळं,
म्हणजे चुलीच वेगळ्या मांडायच्या.

हेमांगीने फोनवर एवढंच विचारलं,
"परत येताना विमानात किती चालतं?"
तीस.
आणि व्हिसा दर दोन वर्षांनी.

घेतला तरी.
जिना चढताना कमरेत कळ आली, बरं वाटलं;
या देशात माझं काहीतरी
सहज हलणार नाही असं.

रात्री सिनेमा लावतो, आवाज अगदी बारीक.
भिंतीपलीकडे रिफायनरीतला यासीन
पहाटपाळीसाठी झोपलेला.
दोनशे वॅट बिनकामाचे तापत बसतात,
मी एसीने गारठलेले हात
त्यावर शेकून घेतो.