फाटक

डॉर्सेटमध्ये इनॉक टॅपरनं
आठव्या वर्षापासून एक फाटक सांभाळलं, दुसऱ्याचं.
बग्गी दिसली की धावायचं,
कडी काढायची,
टोपी हातात, मान खाली,
चाकांचा चिखल तोंडावर घ्यायचा
आणि पुन्हा कडी घालायची.
कधी एक पेनी मिळे. बहुधा नाही.

मग जहाज. तीन महिने आणि वर सात दिवस.
धाकटी टॅमसिन विषुववृत्ताच्या अलीकडेच
शिडाच्या कापडात शिवून पाण्यात सोडली.
त्यानंतर केझाया डेकवर बसे ती
समुद्राकडे पाठ करूनच.

तारानाकीत त्याच्या नावावर साठ एकर निघाले,
नंबर एकशे चौदा.
नकाशावर तो चौकोन अगदी कोरा होता.
जागेवर रिमू, राटा, टोटारा,
आणि भर दुपारी कंदील लावावा असा काळोख.
पहिलं झाड पाडायला नऊ दिवस लागले.
पडलं तिथेच ते राहिलं;
हलवणार कोण?

फेब्रुवारीत आग लावली.
चार दिवस सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा.
केझायानं ओल्या घोंगड्या छपरावर टाकल्या
आणि दोन्ही पोरांना ओढ्यात बसवलं, गळ्यापर्यंत.
राख निवायच्या आतच त्यानं गवताचं बी फेकलं.
बुटांचे तळ करपले.

आणि मग, घराला अजून दार नव्हतं,
गोणपाट लटकत होतं तेव्हा,
त्यानं फाटक केलं.
टोटाराच्या पाच फळ्या आडव्या, एक तिरपी,
तिकडचं होतं अगदी तसंच.
बिजागऱ्या गावातून आणल्या,
नऊ मैल चिखल, पाठीवर.
कुंपण कुठे होतं?
जळक्या खोडांच्या मधोमध
नुसतं एक फाटक,
ना अलीकडे काही, ना पलीकडे.
"लोक हसतील," केझाया म्हणाली.
लोक होते कुठे.
रोज संध्याकाळी तो कडी काढी,
आत येई, वळे, कडी घाली.
टोपी डोक्यावरच.

कुजत्या ओंडक्यांवर बुरशी उगवली, माणसाच्या कानासारखी.
गावातला चिनी व्यापारी ती वजनावर विकत घेई.
पोरांनी पोत्यांवर पोती भरली, पहिली गाय त्यातून आली.
जंगलाचे कान विकून, केझाया म्हणे,
आपण दूध प्यालो.

पिरिहिरा ओढ्याकडे जायची, वाम धरायच्या टोपल्या घेऊन.
तिच्या आजीच्या आजीची वाट
नेमकी एकशे चौदातून जात होती.
लढाईनंतर सरकारनं ती जमीन कशी घेतली,
हे इनॉकनं कधी विचारलं नाही.
पावती त्याच्याकडे होती.
फाटकापाशी ती थांबे, वरपासून खालपर्यंत बघे,
आणि वळसा घालून पुढे जाई.
एकदा हसली. तोही हसला.
तिची भाषा त्याला येत नव्हती,
पण हसू कशाचं ते कळलं.

सहाव्या वर्षी तार आली.
ओढ्यापासून टेकाडापर्यंत खांब उभे राहिले, 
आणि फाटकाला एकदाचा अर्थ आला.

त्या शरदात पिरिहिरा आली,
पाठीवर भरलेली टोपली, पाणी ठिबकत होतं.
थांबली.
डावीकडे तार. उजवीकडे तार.
इनॉक कुठूनसा धावत आला, पन्नाशीचा माणूस,
आठ वर्षांच्या पोरासारखा.
कडी काढली.
हात आपोआप टोपीकडे गेला.

ती आत आली की बाहेर गेली,
हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही.
तिनं टोपलीतून एक वाम काढली
आणि त्याच्या तळहातावर ठेवली,
पेनी ठेवावी तशी.
मागे वळूनही पाहिलं नाही.

केझायानं ती लोण्यात परतली.
पोरांनी ताटली पुसून खाल्ली.
"तुम्ही का नाही घेत?"

काटे फार आहेत, इनॉक म्हणाला.