साळसकरांचा फोन

आठवडा झाला, बातम्यांची घंटी बंद ठेवलीय.
यंत्रं कुणाच्या पोटावर पाय देणार,
कुणाचा चेहरा कुणाच्या धडावर...
वाचून वाचून अंगठा ठणकत होता.

आज कन्नमवार नगरात
साळसकरांकडे चहाला गेलो.
जन्मांध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते,
एकतीस वर्षं.

गोळ्यांच्या पाकिटावर त्यांनी फोन धरला.
फोन म्हणाला, मुदत मार्चमध्ये संपली.
पाकीट थेट केराच्या डब्यात.

मग मला दाखवायला म्हणून
फडताळातली बरणी काढली.
"हळद," फोन ठामपणे म्हणाला.
साळसकरांनी झाकण उघडून हुंगलं:
"बेसन आहे रे बाबा."

आणि माझ्याकडे वळून,
"शिकेल.
मी पहिल्या दिवशी
मॅनेजरसाहेबांना कॅन्टीन जोडून दिलं होतं."