सुरक्षेचा प्रश्न

दर बुधवारी साडेसहाला
खोली क्रमांक एकशे चौदात
मी कॉफीचं मशीन लावते, खुर्च्या उलगडते,
आणि फळ्यावर कुणाच्या तरी अर्धवट गणिताच्या वर
लिहिते : शेवटची तारीख, पंधरा फेब्रुवारी.
मग येतात ती.
अकरा जण. पिझ्झा असला तर चौदा.

आर्कान्सातल्या या गावात कोंबड्यांचे कारखाने तीन,
कॉलेज एकही नाही,
आणि आमच्या वर्गाचं नाव भलं मोठं,
शिडी, पूल, उद्याचं दार असलं काहीतरी.
अनुदानाच्या कागदावर तसं लागतं.

माझा बाप ट्रक चालवायचा.
अर्जात 'मेजर कोणता?' असं विचारलेलं पाहून
आमच्या घरात कुणी लष्करात नाही
असं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.
हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते.
सगळी खो-खो हसतात.
आणि मग जाताना एकेक जण
दारापाशी घुटमळून विचारतो,
मग म्हणजे काय असतं ते?

एमलेन शेवटच्या बाकावर.
तिची आई मार्शल बेटांवरून इथे आली
तेव्हा ही पोटात होती.
"मी समुद्र पाहिलेलाच नाही," एमलेन म्हणते.
"म्हणजे, बाहेरून."

निबंध मी शिकवते तो असा :
आधी अडचण, मग तिच्यावर मात,
शेवटी थोडा उजेड.
साडेसहाशे शब्द, वर एकही चालत नाही.
मी काय करते आहे ते मला कळतं.
पोरांना आपापल्या जखमा
दुकानाच्या काचेत मांडायला शिकवते,
वर त्यातले स्वल्पविराम तपासते.

एमलेनने चटईवर लिहिलं.
केवड्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून तिची आई
खोक्यांना आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या
कारखान्याच्या कचऱ्यातून घरी आणते,
निळ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या,
आणि जमिनीवर बसून विणते.
पट्टी बोटाला कापते, पण पानही कापायचंच.
"यात अडचण कुठे आहे गं?"
"नाहीये," ती म्हणाली. "चटई आहे."

आठ फेब्रुवारीला आई आली, सहीसाठी.
रात्रपाळीला जायच्या आधी, रबरी बूट घालूनच.
नेईजॉन तिचं नाव.
उजव्या हाताची दोन बोटं तिला सरळ होत नाहीत,
उरलेल्यांनी तिने एकेक अक्षर शोधलं.
नाव. जन्मतारीख. पासवर्ड,
त्यात एक अंक हवा, एक चिन्ह हवं,
ते झालं तर म्हणे तो पुरेसा बळकट नाही.
मग सुरक्षेचा प्रश्न :
तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?

तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
शाळा होती. नीरफणसाच्या झाडाखाली,
तिसरीपर्यंत.
मास्तर एकदा बोटीने मजुरोला गेले
आणि आलेच नाहीत.
नाव? नाव कोण ठेवणार?
सगळी म्हणायची, चला, आणि निघायची.

मी म्हटलं, दुसरा प्रश्न निवडता येतो,
पहिल्या गाडीचा वगैरे.
"थांबा," ती म्हणाली.
बराच वेळ पडद्यावरची ती उभी रेघ
लुकलुकत राहिली.
कॉफीचं मशीन आपोआप बंद झालं.
एमलेन नख कुरतडत होती.
मग नेईजॉनने काहीतरी लिहिलं, सावकाश,
लेकीला ते वाचून दाखवलं त्यांच्या भाषेत,
आणि दोघी अशा हसल्या
की वऱ्हांड्यातला झाडूवाला आत डोकावला.

"हे कुणाला सांगायचं नसतं ना?"
"नाही," मी म्हटलं.
म्हणून इथेही लिहीत नाही.

मार्चमध्ये ती पासवर्ड विसरली.
यंत्राने विचारलं, शाळेचं नाव.
तिने लिहिलं. बरोबर निघालं.