बाजूला घे

सकाळी साडेआठला मोंढा नाक्यावर
माझ्या कॅरियरला बांधलेल्या डब्यात
अकरा माणसांचं रक्त असतं.
उपाशीपोटीचं, लेबल लावलेलं.
बर्फ वितळायच्या आत लॅबला पोचवायचं असतं
आणि समोर सिग्नल पडलेला असतो
एकशे वीसचा.

मी आकडे बघत नाही.
पंधरावर आलं की मागचे सगळेच मोजायला लागतात,
हॉर्ननं.
अरे थांब की लेका, अजून लालच आहे!
हिरवा व्हायच्या आधीच निघायचं
असं या शहराला कुणी शिकवलं, काय माहीत.

डावीकडून रिक्षा, शेअरिंगची.
तिला मी दिसत नाही, तिला फक्त हात दिसतो
रस्त्याच्या कडेचा, कुणाचाही, वर झालेला,
की कचकन वळलीच माझ्या पुढ्यात.
उजवीकडून सिटी बस. ती बिचारी सरळच चालते,
पण तिच्या सरळ रेषेत मी असतो.
मधल्या वीतभर जागेत
माझं हँडल, माझे दोन गुडघे, अकरा जणांची साखर.

"ओ काका, बाजूला घ्या."
"ए, बाजूला घे ना बे."
बाजूला म्हणजे कुठं, बाबा?
बाजूला नाली आहे, नालीवरचा ढापा गेल्या उन्हाळ्यात चोरीला गेला,
पुढं डीपी, डीपीला टेकून इडलीची गाडी,
इडलीपुढं गिऱ्हाइकांच्या गाड्या, तिरप्या,
आणि या सगळ्याच्या खालून
एक हिरवा पट्टा गेलाय, नीट बघितलं तर दिसतो.
त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली सायकल.
तिच्या पुढच्या चाकावर सांबाराचं पातेलं.
मागच्यावर कुणीतरी थुंकलेलं.
तिच्यापेक्षा माझं बरं म्हणायचं.
मी हलतो तरी.

भडकल गेटाजवळ गफ्फारभाई पंक्चर काढतात.
म्हणाले, मुक्तीराम, आरसा लाव, घंटी कोण ऐकायलंय आता.
लावला.
चार दिवस मागचं सगळं दिसलं.
एवढं मागं असतं, माहीत नव्हतं.
पाचव्या दिवशी आरसा आत वळवला.
आता त्यात माझीच हनुवटी दिसते,
तीही दाढी न केलेली.

तोष्णीवाल डॉक्टरांनी एकदा माझंच बीपी बघितलं.
"वाढलंय. व्यायाम करा. रोज अर्धा तास सायकल वगैरे."
मी म्हटलं, बरं.
खाली येऊन कुलूप काढलं.

आणि परवाच्या रविवारी तर क्रांती चौकात
शिट्टी मारून अडवलंच मला.
दोरी धरलेली आडवी.
"थांबा, रॅली जायलीय."
कशाची?
"सायकलची."
गेली. दोनशे तरी असतील.
एका रंगाचे टीशर्ट, पाठीवर पाणी, नळी तोंडात,
शेवटी जीप, जीपमध्ये केळी.
स्पीकर म्हणत होता, सायकल चालवा, शहर वाचवा.
मी एक पाय टेकून, डब्यात बोट घालून बघितलं,
बर्फाचं पाणी झालेलं.
म्हटलं, साहेब, मी पण सायकलच आहे, जाऊ द्या यांच्यातून.
पोरगा होता तो, वाईट नव्हता, घामानं निथळत होता.
त्यानं माझ्याकडं बघितलं, कॅरियरकडं बघितलं.
"काका, तुमच्या छातीवर नंबर कुठंय?"

लॅबमध्ये एक सॅम्पल बाद निघालं.
सोमवारी परत एन-सातला, प्रयागबाईंकडं,
दुसरा मजला, सुई काढून.
"अन् कालचं काय केलं रे माझं रक्त?"
अडकलो होतो, बाई. रस्ता बंद होता. रॅली होती.
"कशाची?"
दंडाला पट्टा आवळता आवळता मी सांगितलं, कशाची.
बाई हसायला लागल्या,
खुर्ची हलायला लागली.
हसू नका, म्हटलं,
शीर सापडत नाही.