शिवणीवरून दोनदा

मुंजाजी टांझानियाहून आला तेव्हा
पाठीवर पाच गळवं होती
आणि कमरेला, नाडीच्या रेषेत, तीन.
सेलूच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या.
चौथ्या रात्री तो उठून बसला. म्हणाला,
बाबा, आत काहीतरी कूस बदलतंय.

त्याच्या आईनं आधी शेजारणीचं नाव घेतलं.
नळावरच्या भांडणात ती म्हणाली होती ना,
तुमच्या अंगात किडे पडतील.
मी म्हटलं, शिव्या एवढ्या लांब जात नाहीत,
तिकडं जायला विमान बदलावं लागतं.

ओळखलं ते जिलानीनं.
गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, पँट न्यायला आला होता.
चष्मा कपाळावर सारून वाकला.
मधोमध टाचणीएवढं भोक, त्यात काळा ठिपका.
ठिपका आत गेला. वर आला.
हे गळू नाही मामू, जितं हाय.
म्हशीच्या शिंगात पडते तसली आसाडी,
फक्त परदेशी.

भोकांवर व्हॅसलीनचा जाड लेप दिला, म्हणाला, थांबा.
दम कोंडला की तीही वर येते,
आपल्यासारखीच.
अर्ध्या तासानं दोन अंगठ्यांत दाबून
एकेक काढली, फुगल्या शितासारखी,
आणि माझ्याच इस्त्रीच्या टेबलावर
पेपर अंथरून मांडली.
आठ.

दुसऱ्या दिवशी परभणीला नेलं.
तिथल्या डॉक्टरीण बाईंनी जखमा धुतल्या, एकच विचारलं,
तिकडे कपडे कुठं वाळत घालता?
बोअरच्या गाडीमागं, झाडाखाली.
ओलसर कापडात माशी अंडी घालते, त्या म्हणाल्या,
गरम इस्त्री फिरवली असती तरी भागलं असतं.

मुंजाजीनं माझ्याकडं बघितलं नाही.
चाळीस वर्षं मी ह्या गावाची
लग्नं, निवडणुका, शाळांच्या तपासण्या कडक करून दिल्या.
कोळशाची सात किलोची इस्त्री,
उजवा खांदा एक बोट खाली,
आणि माझं पोरगं
चुरगळलेला बनियन नुसता झटकून घालत होतं.

जाताना लाईटवरची इस्त्री घेऊन दिली.
दाखवलं, शिवणीवरून दोनदा,
नेफ्यात टोक घालायचं.
त्यानं मान हलवली, लहानपणी हलवायचा तशी.

परवा फोन आला.
इस्त्री चांगली आहे बाबा, पण इथं लाईटच नसते.
मी म्हटलं, मग कोळसा बघ.
तो हसला.
मागं कुणाची तरी कोंबडी ओरडत होती,
आणि बोअरला पाणी लागल्यावर होतो
तसला गलका.