खोली क्रमांक सात

सुट्टे नव्हते तिकीटवाल्या पोराकडे.
उरलेल्या एका लारीच्या बदल्यात
त्याने खिशातले दोन अक्रोड दिले.
कुताइसी. मंगळवार. नदीकाठचं जुनं संग्रहालय.
सकाळपासून आलेला मी पहिला माणूस,
बहुधा शेवटचाही.

पहिल्या खोलीत अंधार.
खुर्चीवर एक बाई विणत बसलेली, पायांत घरातल्या सपाता.
गुडघ्यावर हात देऊन उठली
आणि खट्.
समोरच्या भिंतीवर द्राक्षमळा उजाडला.

मी वीज मंडळातला. तीस वर्षं
लोकांचे दिवे जोडले, तोडले,
वहीत आकडे भरले.
माझ्या एकट्यासाठी कुणी दिवा लावत
आणि मागचा विझवत
खोलीमागून खोली चालावं, असं काही
त्या तीस वर्षांत झालं नाही.

छातीवर बोट ठेवून नाव विचारलं. त्सियाला.
माझं सांगितलं, यज्ञेश्वर.
आमच्या ऑफिसात सगळ्यांनी याचा 'यज्ञा' केला होता.
पण जिच्या भाषेत पाच-पाच व्यंजनं
एकमेकांच्या मांडीवर बसतात
तिला 'ज्ञ'चं काय कौतुक?
पहिल्या फटक्यात म्हणाली, स्वच्छ.

मग खंजीर, खोगिरं,
माणूस उभा मावेल असा दारूचा रांजण,
चांदीच्या पत्र्यातले डोळे मोठे केलेले संत.
पाट्यांवरची अक्षरं म्हणजे
घाईत सोललेल्या सफरचंदाच्या साली.
मी त्या वाचत असल्यासारखा थांबायचो.
खरं सांगतो, पाचवी आणि सहावी खोली
मी फक्त दिवा लागताना पाहिली.

सातवीत ट्यूब. फडफडत होती.
लांबलचक टेबल, शिंगांचे पेले, एक जण उभा राहून काही बोलतोय,
सगळे त्याच्याकडे बघताहेत.
कडेला बसलेला एकच माणूस
मान खाली घालून नासपती सोलतोय.
त्सियालाने त्याच्यावर बोट ठेवलं, काचेला न लावता.
"मामा."

मामा!
चार हजार किलोमीटरवर आपला शब्द
असा आयता, धुतलेला, घडी घातलेला!
मग मीही हातवारे केले.
मलाही मामा. एवढा उंच, मिशा अशा.
सायकलच्या नळीवर बसवून त्याने मला
पहिल्यांदा नाटकाला नेलं.
आता नाही. तळव्यावर गाल टेकवला, डोळे मिटले.
तिने लोकरीच्या गुंडीनेच डोळे टिपले.

ट्यूब पुन्हा थरथरली.
मी तिची खुर्ची ओढली, वर चढलो,
स्टार्टर पाव वेढा फिरवला.
उजेड थांबला.
तेव्हा दिसलं, टेबलाखाली, नासपतीवाल्याच्या बुटांशेजारी
चादरीतून बाहेर आलेली
लहान मुलीची दोन अनवाणी पावलं.
मी त्सियालाकडे पाहिलं.
ती टाके मोजत होती.

खाली पोराला थोडं इंग्रजी येत होतं.
"मामा म्हणजे बाप," तो म्हणाला.
"आईचा भाऊ? त्याला बिद्झा."

म्हणजे मी तिला सांगून आलो होतो
की माझा बाप मला नळीवर बसवून नाटकाला नेत असे.
माझा बाप, ज्याने मला
एकदाच कुठे नेलं असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात,
तेही पुढे चालत, मागे न बघता.

परत वर जावं का? कुठल्या हातवाऱ्याने
खोडणार हे?
पुलावर उभा राहून दोन्ही अक्रोड एकमेकांवर दाबले.
एक किडका निघाला.

वरच्या मजल्यावर सगळ्या खिडक्या काळ्या,
एक सोडून.
विसरली असेल.
चाळीस वॅटची ट्यूब, चोकचे दहा धरा,
संध्याकाळपर्यंत जळली तरी
पाव युनिटसुद्धा होणार नाही,
मी सवयीने मांडत राहिलो
आणि चुकत राहिलो.