बारा जणींची दोणी

कल्लोळच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या मधोमध
फेब्रुवारी सरता सरता वाळूची पाठ वर येते.
भोवती गुडघाभर पाणी, तळ दिसतो.
रविवारी तिथं माणसावर माणूस,
कांदाभजी, उसाचा रस,
कुणाच्या तरी नव्या नवरीचे फोटो.
म्हणून आम्ही मंगळवार धरला.
मंगळवारी कारखान्यात पानं वाटत नाहीत.

विडीच्या हिशेबाच्या वहीतलं पान घेतलं,
हजाराच्या रकान्यात नावं लिहीत गेले.

अंबिगेर सिद्रामला फोन मीच लावला.
मराठीत सुरू झाला, कानडीत संपला,
पैशाचं मधेच कुठंतरी ठरलं.
"हन्नेरडु मंदी," म्हणाला. "माणशी साठ.
तेरावी बसली की दोणीचा काठ पाण्याला टेकतो."
"आणि वरनं पाणी सोडलं तर?"
"मग वाळूच न्हाई की ओ, जाणार कुठं?
गेल्या सालची जागा तर इचारूच नका,
नदी दर साली नवी मांडते.
अर्धी ट्रॅक्टरवाले नेतात,
उरल्यावर तुम्ही बसा."

हौसाक्का खर्डा आणणार, भाकरी जिची तिनं.
रेहमत म्हणाली, माझ्या डब्यात बोटं घालणार असाल
तर आधी सांगा, तेवढं जास्त रांधते.
तंगेव्वाला मगरीचं भ्या.
कुणाच्या तरी भाच्यानं बघितली म्हणे.
"मगर कुठली, वंडका असंल."
"वंडक्याला डोळं असतात व्हय?"
यावर अर्धा तास गेला.
विड्या मात्र वळल्या जात होत्या.
आमचे हात आमचं बोलणं ऐकत नसतात.

सुलोचना विचारते, वाळूनं घासलं
तर बोटांचा तंबाखू जातो का गं?
आणि मालनला नुसतं उभं राहायचंय.
तीस वर्षं मांडी घातलेली, मांडीवर सूप.
"पाण्यात माझे पाय मला दिसले पायजेत," म्हणाली,
"हायत का अजून, बघते."
आम्ही हसलो.
मग कुणीच हसेना.
मग परत हसलो.

साडेपाचला वडाप. चिकोडीत चहा.
आठाला घाट, ऊन तापायच्या आत पल्याड.
बाराला परत —
बारा खोडून चार केले.
घरी बाराच सांगायचे.

नावं मोजली तर तेरा.

"मी काठावर बसते की,"
माझं तोंड माझ्याआधी बोलून गेलं,
"चपला कुणीतरी राखायलाच पायजेत."

शाळेची सहल गोकाकला गेली,
धबधबा मी ऐकला, चपलांपाशी बसून.
सौंदत्तीला सगळ्या वर गेल्या,
खाली मी, भोवती सोळा जोड.
आता तर झिजेवरनं बाई ओळखते.
हौसाक्काची टाच आतल्या बाजूनं जाते,
रेहमतच्या अंगठ्याला दुहेरी शिवण,
मालनच्या चपला सहा वर्षांच्या,
नव्यासारख्या.

रेहमतनं सूप खाली ठेवलं.
विडी अर्धी वळलेली, दोरा सुटलेला.
"परत लाव फोन," म्हणाली.
"दोन खेपा मारंल की त्यो."

लावला.
"एकटीसाठी दुसरी खेप?"
"एकटीसाठी."
तिकडनं थोडा वेळ नदी ऐकू आली,
नाहीतर त्याच्या घरातला पंखा असेल.
"आग्ली," म्हणाला. "पैसे वाढीव लागतील."
तेरा जणींनी पदराच्या गाठी सोडल्या,
कमी पडलेली दहाची नोट तंगेव्वानं
मगरीला शिव्या देत टाकली.

पानाच्या तळाशी लिहिलं:
पाणी, दोन कॅन.
खर्डा. रेहमतचा मोठा डबा.
खेप दुसरी, आणि पुढं माझं नाव,
पूर्ण, आडनावासकट,
रेशनकार्डावर असतं तसं.

मग पेन्सिल परत घेतली.
एक रिकामं पोतं.
चपला सोबत नेणे.